प्रार्थनेची वही: कशी सुरू करावी, कशी टिकवावी आणि नेमकं कुठे चुकतं

नाताळ आणि नववर्षाच्या उपासना झाल्या की आमच्या सोलापुरात मंडळीतल्या कितीतरी जणी प्रार्थनेची वही सुरू करतात. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उठेपर्यंत त्यातल्या निम्म्या बंद पडलेल्या असतात. महिला मंडळात या विषयावर बोलायला लागल्यापासून अशा बंद पडलेल्या वह्या मी पुष्कळ पाहिल्या. बायका स्वतःहून आणून दाखवतात आणि विचारतात, ‘ताई, माझं काय चुकलं?’ बहुतेक वह्यांत दोनच गोष्टी सापडतात: विनंत्यांची यादी, नाहीतर दिवसाचा हिशेब. देवाशी थेट बोललेलं वाक्य शोधूनही मिळत नाही. आणि मागचं पान उलटून कुणी वाचलंय, अशी खूणही नसते.

देवाशी न बोलणं आणि मागचं न वाचणं, या दोन चुका टाळल्या तर वही टिकते. त्यासाठी काय करायचं ते क्रमाने लिहिते. क्रम बदलू नका. मधली पायरी गाळली की पुढची लंगडते.

१. वही, पेन आणि पानाची आखणी

दुकानातून किंवा बँकेतून जानेवारीत मिळालेली छापील तारखांची डायरी या कामाला घेऊ नका. चार दिवस चुकले की चार कोरी पानं तुमच्याकडे बघत राहतात आणि पाचव्या दिवशी डायरी उघडायचीच लाज वाटते. साधी, शिवलेल्या बांधणीची दोनशे पानी वही घ्या. स्पायरलची नको, तिची पानं सहज निघतात. आणि सहज निघणारं पान नको त्या दिवशी फाडलं जातं.

पेन बॉलपेनच ठेवा. मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो तेव्हा तळहाताच्या घामाने जेलपेनची शाई पसरते. माझ्या एका उन्हाळ्याच्या वहीत आठ-दहा पानं अशी निळी डाग होऊन बसली आहेत, आणि नेमकी तीच पानं मला पुढे वाचायची होती.

आता आखणी. प्रत्येक पानाच्या उजवीकडे एक उभी रेघ मारा. पानाचा साधारण तिसरा हिस्सा रेघेच्या पलीकडे राहिला पाहिजे. हा समास आज कोराच ठेवायचा. वर डाव्या कोपऱ्यात तारीख आणि शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, वाचलेला उतारा. वहीच्या शेवटची आठ पानं वेगळी ठेवा, ती इतरांच्या नावांसाठी. तारखेत वर्षही लिहा; तीन वर्षांनी ‘१२ मार्च’ कुठल्या सालचा, हे आठवत नाही.

*फोनवर लिहिणार असाल तर:* रात्रपाळी करणाऱ्यांना फोनच सोयीचा पडतो, हे मला मान्य आहे. पण लिहिताना एअरप्लेन मोड लावा, लॉक असलेल्या नोट्समध्ये लिहा, आणि व्हॉट्सॲपवर ‘स्वतःला’ पाठवायच्या भानगडीत पडू नका. नवऱ्याविषयी देवाजवळ केलेलं गाऱ्हाणं एकीकडून मंडळीच्या ग्रुपवर गेलं होतं. तो संदेश तिला पुसता आला, पण तोवर अकरा जणांनी वाचला होता.

२. वेळ आणि जागा

मार्क १:३५ मध्ये प्रभू येशू अगदी पहाटे, अंधार असतानाच उठून निर्जन ठिकाणी गेला, असं आहे. त्यावरून पुष्कळ जण पहाटे चारचा गजर लावतात आणि आठव्या दिवशी दमतात. त्या वचनात घड्याळाइतकाच एकांत महत्त्वाचा आहे. तुमच्या घरात एकांत कधी असतो, ते आधी शोधा.

आपल्याकडे रोजचा दिवस सारखा नसतो, हेही धरून चाला. नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी सकाळ आपली राहत नाही. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला जायचं असेल तर तीही सकाळ गेली. म्हणून दोन वेळा ठरवा: एक नेहमीची आणि एक पाण्याच्या दिवसाची. मी पाण्याच्या दिवशी दुपारी भांडी आवरल्यावर बसते. वीस मिनिटं पुरतात.

घर लहान असेल तर मत्तय ६:६ मधली दार लावलेली खोली आणायची कुठून? गच्ची चालते. रविवारी उपासनेच्या अर्धा तास आधी देवळातला मागचा बाक चालतो. कारखान्याजवळ राहणाऱ्या एकीने सांगितलं की यंत्रमागाचा आवाज चालू असतानाच तिला निवांत वाटतं, कारण त्या आवाजात तिला कुणी हाक मारत नाही.

*तपासा:* ठरवलेली वेळ सलग तीन दिवस पाळता आली का? नसेल तर वेळ बदला, स्वतःला दोष देत बसू नका.

३. लिहिण्याआधी

बसल्याबसल्या पेन उचलू नका. आधी चार-पाच मिनिटं गप्प बसा. मनात बाजाराची यादी, फीचा हप्ता, कालचं भांडण येणारच. येऊ द्या. मग उतारा वाचा, छोटा. शुभवर्तमानातला एक प्रसंग किंवा एक स्तोत्र, दहा-पंधरा वचनं. दोनदा वाचा, दुसऱ्यांदा ओठ हलवून. एखाद्या शब्दापाशी अडखळलात तर तिथेच थांबा. पुढचा अध्याय ‘संपवायचा’ म्हणून पळू नका; वर्षभरात शास्त्र वाचून काढायची योजना वेगळी ठेवा, ती या वेळेत घुसवू नका.

उतारा क्रमाने घ्या. मार्क सुरू केलं तर मार्कच. डोळे मिटून शास्त्र उघडायचं आणि बोट पडेल ते वचन ‘आजचं’ म्हणायचं, या सवयीत आपल्याला हवं तेच वचन मिळेपर्यंत पानं उलटली जातात. हे मी स्वतः केलं आहे.

४. लिहिणं

इथे सगळ्यांत जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून सांगते.

वहीतलं पहिलं वाक्य देवाला उद्देशून असलं पाहिजे. ‘प्रभू, तू…’ किंवा ‘बापा, तुला…’ अशी सुरुवात करा. ‘देव चांगला आहे’ हे वाक्य खरं आहे, पण ते देवाविषयी आहे. ‘तू चांगला आहेस, हे मला आज पटत नाही’ हे देवाशी बोलणं झालं. स्तोत्र २३ उघडून पाहा. पहिल्या तीन वचनांत मेंढपाळाविषयी बोलणं चालू आहे, ‘तो’ मला नेतो, ‘तो’ मला चालवतो. चौथ्या वचनात मृत्युछायेची दरी येते आणि ‘तो’चा ‘तू’ होतो: तू माझ्याबरोबर आहेस. तुमच्या वहीतही ‘तो’चा ‘तू’ व्हायला हवा, आणि तोही पहिल्याच ओळीत.

एकाच उताऱ्यावरच्या दोन नोंदी देते. उतारा मार्क ४:३५-४१, वादळाचा प्रसंग. पहिली नोंद माझ्या जुन्या वहीतली, त्या काळात मी अशीच पानंच्या पानं भरत असे:

‘आज मार्क ४ वाचले. प्रभूने वादळ शांत केले. प्रभू सामर्थ्यवान आहे. आपणही संकटात विश्वास ठेवला पाहिजे. मुलाच्या नोकरीसाठी, आईच्या गुडघ्यासाठी, पाळकसाहेबांच्या सेवेसाठी प्रार्थना केली. आमेन.’

दुसरी त्यानंतर काही वर्षांनी लिहिलेली:

‘प्रभू, तू उशी घेऊन झोपला होतास. शिष्य घाबरले म्हणून मला त्यांचा राग नाही आला, तुझा आला. पुण्याहून त्याचा फोन येऊन नऊ दिवस झाले. मीही करत नाही, कारण “अजून नाही, आई” हे मला पुन्हा ऐकवत नाही. तू जागा आहेस ना? नोकरी मागतेच आहे. पण आज एवढं कर की संध्याकाळी मी त्याला फोन करीन आणि नोकरीचं विचारणार नाही.’

पहिली नोंद रविवारच्या शाळेत वाचून दाखवता येईल. दुसरी कुणालाच दाखवता येणार नाही, आणि वही असते ती याचसाठी. दुसरीत उताऱ्यातली एक बारीक वस्तू आहे, उशी. एक खरी भावना आहे. आणि शेवटी त्याच दिवशी करता येईल असं एक काम मागितलं आहे. रोज एवढं साधलं तर पुरे. पाच ओळी झाल्या तरी चालतील. पान भरायचं बंधन घालून घेऊ नका.

भाषेचं काय? सोलापुरात ख्रिस्ती घरांतही मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, हिंदी चालते. उपासना मराठीत होते म्हणून वहीही ग्रांथिक मराठीत लिहायला हवी, असं नाही. ज्या भाषेत तुम्ही आईशी भांडता, त्या भाषेत लिहा. मध्येच भाषा बदलली तरी बदलू द्या. व्यासपीठावरची भाषा मात्र बाहेर ठेवा. ‘हे परमदयाळू पित्या, आम्ही तुझी पामर लेकरे’ हे शब्द उपासनेत शोभतात, तिथे आपण सगळे मिळून बोलत असतो. वहीत ‘आम्ही’ आलं की समजा, तुम्ही स्वतःला लपवताय.

*तपासा:* लिहिलेलं हळू आवाजात वाचा. कुणीतरी ऐकतंय म्हणून लिहिलंय, असं वाटलं तर त्याखाली एक ओळ आणखी लिहा: ‘प्रभू, खरं सांगायचं तर…’ पुढचं आपोआप येतं.

लिहून झालं की वही मिटा आणि दोन-तीन मिनिटं तसेच बसा. पुष्कळ जण शेवटच्या पूर्णविरामाबरोबर उठतात. आपण बोललो, आता त्याला अवसर द्या.

५. गाऱ्हाणं लिहिताना

‘देवाजवळ तक्रार कशी करायची? अविश्वास होईल ना?’ हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. स्तोत्र १३ काढा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत ‘कोठवर?’ असा थेट जाब, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. हाच साचा घ्या: प्रभू, कोठवर हे असं चालणार? मला आज हे दे. तरी मी तुला सोडत नाही, कारण मागे तू अमुक केलं होतंस.

तिसरा भाग त्या दिवशी लिहवत नसेल तर खोटा लिहू नका. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं आणि तरी ते शास्त्रात आहे. तशाच अर्धवट पानावर तारीख घाला आणि झोपा.

*सावध:* दोन आठवडे प्रत्येक पानावर तोच अंधार असेल, झोप-जेवण सुटलं असेल, जगणं नको असं लिहिलं जात असेल, तर वही पुरेशी नाही. डॉक्टरांना दाखवा, घरातल्या एकाला आणि पाळकांना सांगा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस आहे, तिथे फोन करा. औषध घेणं हा विश्वासाचा अभाव नव्हे.

६. कबुली

पापाची कबुली सुट्या कागदावर लिहा, वहीत नको. गोलगोल लिहू नका. ‘माझ्याकडून चुका झाल्या’ ही कबुली नाही. ‘नणंदेला मुद्दाम उशिरा निरोप दिला’ ही आहे. प्रार्थना करा, १ योहान १:९ वाचा आणि कागद फाडून टाका. वहीत फक्त दोन गोष्टी राहतील: ‘कबुली दिली’ आणि मला काय निस्तरायचंय. नणंदेला फोन. कुणाचे पैसे परत. मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी भावाकडे जायला सांगितलंय, तेव्हा ती ओळ खाली रेघ मारून ठेवा आणि आठवड्याच्या आत पूर्ण करा.

७. इतरांची नावं

शेवटची आठ पानं यासाठी. एका पानावर पाच-सहा नावं, प्रत्येकापुढे एकच ओळ आणि तारीख. आठवड्याचे वार वाटून घ्या, रोज सगळी नावं घेतली तर ती हजेरी होते.

दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वहीत उघड लिहू नका. लग्न मोडायला आलंय, कर्ज झालंय, मुलगी कुणाबरोबर तरी फिरते, हे तुमच्या घरात कुणाच्याही हाती पडू शकतं. आद्याक्षर लिहा आणि ‘घरासाठी’ एवढंच. देवाला तपशील ठाऊक आहेत. मंडळात ‘प्रार्थना विनंती’ म्हणून आलेली बातमी बाहेर जाते तेव्हा ज्याची बातमी असते तो माणूस पुन्हा कधी कुणाला प्रार्थना करायला सांगत नाही. हे नुकसान भरून येत नाही.

८. ‘देव मला म्हणाला’

लिहिताना मनात काही ठळक येतं. ते जरूर लिहा, पण ‘देव म्हणाला’ असं न लिहिता ‘असं मनात आलं’ असं लिहा. मग तीन गोष्टी पाहा. शास्त्राच्या विरुद्ध जातंय का? माझ्या सोयीचंच आहे का? महिन्याभराने वाचल्यावरही तेवढंच खरं वाटतं का? लग्न, घर विकणं, नोकरी सोडणं असल्या निर्णयांवर मनात आलेलं असेल तर पाळक किंवा एखाद्या अनुभवी वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय पाऊल उचलू नका. नववर्षाच्या उपासनेत वर्षासाठी म्हणून मिळालेल्या शास्त्रवचनाचंही तसंच. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा, त्याच्या आधीची आणि नंतरची वचनं वाचा, ते मूळ कुणाला आणि कशासाठी सांगितलं होतं ते पाहा, आणि मगच ते स्वतःपुढे धरा.

९. मागे जाऊन वाचणं

ही पायरी गाळणारे शंभरातले नव्वद असतील, असं मला माझ्या अनुभवावरून वाटतं. आणि त्यांचीच वही सुटते, कारण लिहिलेलं कुठे जातं हे त्यांना कळतच नाही.

बऱ्याच मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, असतो. त्याच्या आदल्या शनिवारी वाचायला बसा. १ करिंथ ११:२८ मध्ये प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करून मगच भाकर खावी, असं सांगितलंय, आणि परीक्षेला लागणारी सगळी कागदपत्रं तुमच्या वहीतच आहेत. त्या दिवशी नवीन काही लिहायचं नाही. वेगळ्या रंगाचं पेन घ्या, महिन्याची पानं पहिल्यापासून वाचा, आणि कोऱ्या ठेवलेल्या समासात लिहा.

समासात काय लिहायचं? उत्तर मिळालं असेल तर तारीख आणि कसं मिळालं ते. ‘नाही’ असं उत्तर मिळालं असेल तर तेही स्पष्ट ‘नाही’ असंच. त्यावर लगेच अर्थ चिकटवू नका. अजून वाट असेल तर ‘वाट’ एवढाच शब्द. आणि पुष्कळदा असं दिसेल की मागणं तसंच आहे, पण मागणारी बदलली आहे. तेही लिहा.

वर दिलेल्या वादळाच्या पानाच्या समासात हिरव्या शाईने लिहिलंय: ‘त्याच संध्याकाळी फोन केला. नोकरीचं विचारलं नाही. मेसच्या भाजीचं, मित्राच्या गाडीचं बोलला, चाळीस मिनिटं. शेवटी स्वतःच म्हणाला, आई, मला भीती वाटते.’ नोकरी त्यानंतर पाच महिन्यांनी लागली. ती तारीखही खाली आहे. पण त्या पानाचं पहिलं उत्तर हिरव्या शाईतलं आहे, आणि समास कोरा ठेवला नसता तर ते उत्तर आहे, हे माझ्या लक्षातही आलं नसतं.

शमुवेलाने दगड उभा केला आणि त्याचं नाव एबन-एजर ठेवलं, इथवर परमेश्वराने आम्हाला साहाय्य केलं म्हणून. १ शमुवेल ७:१२. ‘इथवर’ म्हणायला मागे वळून पाहावं लागतं.

*तपासा:* महिन्याच्या पानांत एकतरी उपकारस्तुती आहे का? फिलिप्पै ४:६ मध्ये मागणी आभारप्रदर्शनासह कळवायला सांगितली आहे. महिनाभर फक्त मागणंच असेल तर पुढचा आठवडा रोजची पहिली ओळ आभाराची ठेवा. वस्तू नेमकी हवी: ‘शेजारच्या काकूंनी शेंगाची चटणी पाठवली’ चालेल, ‘सर्व आशीर्वादांसाठी’ नको.

१०. खंड पडला तर, वही भरली तर

खंड पडणारच. बाळंतपण, मयत, परीक्षा, लग्नसराई. परत आल्यावर राहिलेल्या दिवसांचा खुलासा लिहू नका आणि माफीने पान भरू नका. आजची तारीख घाला, उतारा वाचा, ‘प्रभू, तू…’ पासून सुरू करा. पहिला आठवडा तीनच ओळी लिहा.

वही भरली की पाठीवर पहिली आणि शेवटची तारीख लिहा. नवीन वहीच्या पहिल्या पानावर जुनीतली ‘वाट’ असलेली मागणी उतरवून घ्या, बाकी काही नाही. जुन्या वह्या कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवा, पावसाळ्यात ओल लागते त्या भिंतीपासून दूर. आणि घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला आजच सांगून ठेवा की माझ्या मागे या वह्यांचं काय करायचं: न वाचता जाळायच्या की मुलांना द्यायच्या. मी माझ्या थोरल्या सुनेला सांगितलंय. वह्या जाळायच्या, आणि समासातली हिरव्या शाईची उत्तरं हवी असतील तर आधी उतरवून घ्यायची.